बोअरची गाडी काम कशी करते? तिच्याजवळ उभे राहून काय पाहावे?



उन्हाळा लागला, विहिरीने तळ दाखवला, की शिवारात रात्री-अपरात्री एक आवाज सुरू होतो. धडधड, धडधड. कुणाच्या तरी रानात बोअरची गाडी आलेली असते. सकाळी बांधावर भुकटीचा ढीग दिसतो. ज्याला पाणी लागले तो पेढे वाटतो. ज्याचा बोअर फेल गेला तो दोन दिवस पारावर येत नाही.

या रात्रीत एक प्रश्न हमखास विचारला जातो. दोनशे फूट झालेले असतात, पाण्याचा पत्ता नसतो, आणि गाडीचा ऑपरेटर विचारतो, "मालक, अजून जाऊ का?" गाडी फुटावर पैसे घेते. 'हो' म्हटले तर दर फुटाला पैसा जातो. 'नाही' म्हटले तर मनाला रुखरुख लागते, की अजून दहा फुटांवर झरा असता तर? अशा वेळी आपण देवाचे नाव घेतो आणि "जाऊ द्या अजून शंभर" म्हणतो. कितीतरी घरांतील कर्जाची सुरुवात या एका शब्दाने झालेली आहे.

या प्रश्नाचे उत्तर समजून देता यावे म्हणून आजची ही माहिती. गाडीचे कोणते अंग काय करते हे एकदा कळले, की तीच गाडी आपल्याला जमिनीखालची खबर वर आणून देते. फक्त ती वाचता आली पाहिजे.

आधी आपला दगड ओळखू

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातली बहुतेक जमीन काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसलेली आहे. फार पुरातन काळी, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, जमिनीतून लाव्हारस वर आला, पसरला आणि थंड झाला. असे पुन्हा पुन्हा घडले. त्यामुळे चपातीवर चपाती ठेवावी तसे दगडाचे थर एकावर एक बसले आहेत.

आपल्यापैकी बरेच जण वेरूळला जाऊन आले असतील. कैलास लेणे ज्या दगडात कोरले आहे, त्याच जातीच्या दगडात आपण बोअर घेतो. पावसाळ्यात लेण्यांत काही ठिकाणी पाणी ठिबकते. ते दगडाच्या सांध्यांतून आणि भेगांतून येते. अखंड दगडातून पाण्याचा थेंबही येत नाही. आपल्या रानाखाली नेमके हेच आहे. वरून खाली पाहू गेले तर असे थर मिळतात:

१. वर माती आणि मुरूम. यात पावसाचे पाणी मुरते.
२. त्याखाली कच्चा, फुटलेला दगड. आपल्या जुन्या विहिरींचे पाणी बहुधा याच थरातले.
३. मग घट्ट काळा पाषाण. यात भेग असेल तरच पाणी.
४. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या, गेरूसारख्या मातीचा पट्टा.
५. काही थरांचा वरचा भाग बारीक भोकांचा, पांढऱ्या-हिरवट ठिपक्यांचा. तो कुजून कच्चा झालेला असेल तर त्यात पाणी धरते.

म्हणजे जमिनीखाली नदी वाहत नाही. पाताळगंगा ही कल्पना झाली. खरे पाणी भेगांत, सांध्यांत आणि दोन थरांच्या जोडावर साठलेले असते, आणि तेही पावसानेच भरलेले असते. बोअरची गाडी पाणी निर्माण करत नाही. ती साडेसहा इंची भोक पाडते. ते भोक भेगेला भेटले तर पाणी, नाही भेटले तर नुसते भोक.

गाडीची अंगे

आता गाडीकडे वळू. बैलजोडी, जू, दोर आणि फाळ मिळून नांगर चालतो, तशी पाच-सहा अंगे मिळून ही गाडी चालते.

पहिले अंग : इंजिन आणि कॉम्प्रेसर. गाडीच्या सगळ्या ताकदीचे मूळ डिझेल इंजिन. ते कॉम्प्रेसर चालवते. कॉम्प्रेसर म्हणजे हवा दाबून भरणारे यंत्र. सायकलच्या पंपाचाच हा थोरला भाऊ समजा. टायरमध्ये आपण तीस-पस्तीस पौंड हवा भरतो. हा कॉम्प्रेसर साधारण तीनशे पौंडांच्या आसपास दाबाची हवा देतो, आणि तीही मिनिटाला हजार घनफुटांच्या घरात. जुन्या, लहान गाड्यांचा दाब यापेक्षा बराच कमी असतो. या हवेला दोन कामे आहेत. खाली दगड फोडायचा आणि फुटलेली भुकटी वर आणायची. दोन्हींपैकी एकाला जरी हवा कमी पडली तरी काम अडते.

दुसरे अंग : मनोरा आणि चढ-उताराची साखळी. गाडीवर आडवा निजलेला लोखंडी मनोरा जागेवर आल्यावर उभा करतात. रॉड खाली दाबणे, वर ओढणे, नवा रॉड जोडणे, ही कामे मनोऱ्यातली साखळी आणि तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक दट्टे करतात. इथे आपण एक गोष्ट पाहायचीच. गाडी चारही जॅकवर समतल उभी आहे का? मनोरा सरळ आहे का? गवंड्याचा ओळंबा धरून बघा, त्यात लाजायचे काही नाही. मनोरा कलला तर भोक तिरपे जाते. तिरप्या भोकात पुढे मोटार अडकते, केबल घासते. मोटार अडकून बसली की बोअर आणि मोटार दोन्ही गेले.

तिसरे अंग : फिरकी. मनोऱ्यावर वर-खाली सरकणारा एक डोकेदार भाग दिसतो. त्यातली हायड्रॉलिक मोटार सगळ्या रॉडांना सावकाश फिरवते. मिनिटाला वीस-तीस फेरे, फार नाहीत. गिरमिट फिरून लाकूड कापते, तसा दगड इथे फिरण्याने कापला जात नाही. मग फिरवायचे कशाला? पाथरवट दगडाला भोक पाडताना काय करतो ते आठवा. छिन्नीवर घाव घालतो, छिन्नी जरा फिरवतो, पुन्हा घाव घालतो. एकाच जागी घाव बसले तर छिन्नी रुतून बसते. फिरवली की प्रत्येक घाव नव्या दगडावर पडतो आणि भोक गोल राहते. फिरकीचे काम इतकेच.

चौथे अंग : हॅमर आणि बिट. घाव घालणारा हा हातोडा गाडीवर दिसत नाही. तो रॉडच्या टोकाला, खाली भोकातच असतो. या पद्धतीची सगळी करामत इथे आहे. रॉड पोकळ असतात. त्यांतून दाबाची हवा खाली हॅमरमध्ये जाते. हॅमरच्या नळीत एक वजनदार दट्ट्या असतो. हवा आधी त्याच्या खालून शिरते आणि त्याला वर उचलते. लगेच वाट बदलते, हवा वरून शिरते आणि दट्ट्या खाली आपटतो. मिनिटाला हजाराच्या वर असे घाव बसतात. आपल्याला ऐकू येणारी धडधड हीच.

दट्ट्याचा घाव बिटवर बसतो. बिटच्या तोंडावर टंगस्टन कार्बाइड या अति कठीण धातूची बटणे बसवलेली असतात. ती दगडाचा चुरा करतात. बटणे झिजली की बिट जड चालतो आणि भोक बारीक होत जाते. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी बिट पाहून घ्या, आणि टेपने त्याचा व्यास मोजा.

हातोडा दगडाजवळच असल्यामुळे खोल गेले तरी घावाचा जोर रॉडांच्या लांबीत वाया जात नाही. मात्र भोकात पाणी साठले की ते हवेला उलट दाबते. पाण्याचा सुमारे २३० फुटांचा उभा स्तंभ शंभर पौंड दाब खातो. म्हणून कमी दाबाची गाडी पाणी लागल्यावर मंदावते.

पाचवे अंग : भुकटी वर काढणारी हवा. हॅमरमधून बाहेर पडलेली हवा बिटच्या भोकांतून निघते, आणि रॉड व भोकाची भिंत यांच्यामधल्या फटीतून वर येते. येताना दगडाचा चुरा घेऊन येते. या हवेचा वेग मिनिटाला तीन हजार फुटांहून अधिक लागतो, नाहीतर चुरा खाली बसतो आणि हॅमर गाडला जातो. ऑपरेटर मधूनमधून रॉड थोडा वर उचलतो. तेव्हा बिट सुटतो, घाव थांबतात, सगळी हवा सरळ बाहेर पडते आणि भोक साफ होते. याला ते लोक फ्लशिंग म्हणतात. त्या वेळी गाडी रिकामी चालली असे समजू नका.

सहावे अंग : केसिंग. वरचा मुरूम आणि कच्चा दगड ढासळतो. म्हणून सुरुवातीला मोठ्या बिटने भोक पाडून त्यात पाइप बसवतात, आणि मग त्या पाइपातून लहान बिट खाली नेतात. केसिंग पक्का दगड लागल्यावर त्यात दोन-चार फूट रुतलेले असावे. केसिंगमध्ये काटकसर करू नये. चार पाइप वाचवले आणि पावसाळ्यात मुरूम ढासळून मोटारीवर बसला, तर वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट जातात. केसिंगबाहेरची पोकळी चिकणमातीने किंवा सिमेंटने दाबून भरा. म्हणजे उकिरड्याचे, गोठ्याचे घाण पाणी बाजूने आत उतरत नाही.

हे यंत्र आपल्याकडे आले कसे?

पूर्वी दगडात खोल भोक पाडायचे तर जड छिन्नी दोरावर टांगून आपटणारी यंत्रे असत. काळ्या पाषाणात त्यांना फार दिवस लागत. १९६७ साली बिहार भागातील दुष्काळात युनिसेफने हवेवर चालणारी, झटपट भोक पाडणारी यंत्रे आणली. त्यानंतर १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या गावोगाव पिण्याच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला आणि कठीण दगडात बोअर घेण्याचे काम वाढले. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा याच काळात उभी राहिली.

यात आपल्या भागाचाही हात आहे. जालना १ मे १९८१ रोजी वेगळा जिल्हा झाला. त्याआधी तो औरंगाबाद जिल्ह्यातच होता. तिथल्या मिशनच्या कार्यकर्त्यांनी १९६० नंतरच्या दशकात बोअरवर टिकेल असा पोलादी हातपंप तयार केला. त्याला 'जालना पंप' म्हणत. पुढे सोलापूरला त्यात सुधारणा झाली, आणि त्या सोलापूर पंपावरून १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क-२' हा हातपंप बनला. तो सगळ्या देशात आणि देशाबाहेरही गेला. गावच्या शाळेजवळचा हातपंप पाहाल तेव्हा हे आठवा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ते बोअर पिण्याच्या पाण्यासाठी होते. हातपंपाला तासाला हजार लिटरच्या आसपास पाणी पुरते. आज त्याच दगडाकडून आपण मोसंबीची बाग आणि ऊस मागतो. दगड तोच आहे, मागणी वाढली आहे.

सगळीकडे हीच गाडी चालत नाही. जळगावकडे तापीच्या खोऱ्यात गाळाची जमीन खोल आहे. तिथे भोक आपोआप ढासळते. म्हणून तिथे चिकणमातीचा पातळ गारा पंपाने रॉडमधून खाली सोडतात. तो चुराही वर आणतो आणि भोकाच्या भिंतीला लेप देऊन सावरतोही. खनिज तेलासाठी जमिनीवर चालणारी मोठी यंत्रेही गाऱ्यावरच चालतात. आपल्या काळ्या पाषाणाला हवा आणि हॅमरच योग्य.

भुकटी वाचायला शिका

गाडी चालू असताना खाटेवर निजू नका. एक ताडपत्री किंवा रिकामी पोती पसरा. दर दहा फुटांना भुकटीची एक ओंजळ घेऊन ओळीने ठेवा. शेजारी काडीने किंवा कागदावर फूट लिहा. सकाळी या ढिगांच्या ओळीत जमिनीचे सगळे थर दिसतात. काय पाहायचे?

– भुकटी करडी-काळसर, बारीक पिठासारखी, कोरडी : घट्ट पाषाण. पाण्याची आशा कमी.
– भुकटीत तांबूस, गंजलेल्या रंगाचे खडे : भेगेतून कधीतरी पाणी वाहिलेले आहे. लक्ष ठेवा.
– पांढरे-हिरवट ठिपक्यांचे, हलके खडे : भोकांचा दगड. कच्चा असेल तर पाणी धरतो.
– तांबडी, चिकट माती : दोन थरांमधला गेरूचा पट्टा. याच्या वरच्या जोडावर पाणी मिळू शकते, पण ही माती ढासळते. ऑपरेटरला सावध करा.
– धूळ एकदम बंद, भुकटी ओलसर, गोळे येऊ लागले : ओल सुरू झाली. मग ऑपरेटर बहुधा थोडे पाणी किंवा साबणाचा फेस सोडून भोक साफ ठेवतो.

घड्याळही वापरा. एक रॉड खाली जायला किती मिनिटे लागली ते लिहा. प्रत्येक रॉडला जवळपास सारखा वेळ लागत असेल तर दगड एकसारखा, घट्ट आहे. मध्येच रॉड भरभर गेला किंवा हाताभर एकदम खाली बसला, तर कच्चा थर किंवा भेग आली. वर येणारी हवा एकाएकी कमी झाली, तर ती कुठल्यातरी भेगेत शिरते आहे.

कधी कधी आपल्या बोअरची हवा शेजाऱ्याच्या बोअरमधून फुसफुसत बाहेर येते किंवा त्याच्या विहिरीत बुडबुडे उठतात. लोक त्याचे कौतुक करतात. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. दोघांची भेग एकच आहे. म्हणजे दोघांचे पाणीही एकच. आपण जितके उपसू तितके त्याचे कमी होणार, आणि तो खोल गेला की आपले. मग भाऊबंदकी सुरू होते. त्यापेक्षा त्याच दिवशी बांधावर बसून पाळी ठरवा. स्पर्धेने दोघेही खोल जातात आणि शेवटी दोघांच्याही पदरी कोरडे भोक येते.

पाणी लागले, पण किती?

हवेच्या जोराने पाणी मनोऱ्याइतके उंच उडाले म्हणजे भरपूर लागले असे नव्हे. तो कॉम्प्रेसरचा जोर आहे. पहिला जोर भेगेत साठलेल्या पाण्याचा असतो. म्हणून निदान तासभर गाडीने पाणी फेकू द्या आणि पाणी मोजा.

मोजायच्या दोन रीती आहेत. पहिली पिंपाची. पाणी एका चरात वळवून दोनशे लिटरच्या पिंपात घ्या. चार मिनिटांत भरले तर तासाला तीन हजार लिटर.

दुसरी खाचेची. "दोन इंची लागलं, तीन इंची लागलं" असे आपण म्हणतो ते यावरूनच. एका पत्र्याला काटकोनी, इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची खाच पाडतात. ती चरात आडवी बसवतात. खाचेच्या तळापासून पाणी किती इंच उंच चढले ते, खाचेच्या थोडे मागे, पाणी संथ असेल तिथे मोजतात. हिशेब असा:

१ इंच – तासाला सुमारे ५०० लिटर
२ इंच – तासाला सुमारे २,९०० लिटर
३ इंच – तासाला सुमारे ८,००० लिटर

पाहिलेत? दोन इंच म्हणजे एकाच्या दुप्पट नाही, साडेपाच पटीहून जास्त आहे. म्हणून "अंदाजे दोन इंची" या बोलण्यावर मोटार घेऊ नका. नेमके एक इंच की दोन इंच, यावर सारा संसार अवलंबून असतो.

आता हे पाणी रानाला लावून पाहू. एक एकरावर एक मिलिमीटर पाणी द्यायला सुमारे ४,००० लिटर लागते. उन्हाळ्यात उभ्या पिकाला दिवसाला पाच मिलिमीटर धरले तर वीस हजार लिटर झाले. दोन इंची बोअर आठ तास चालला तर तेवीस हजार लिटर देईल. म्हणजे जेमतेम एक एकर. एक इंची बोअर आठ तासांत चार हजार लिटर देईल. ते घरचे, जनावरांचे आणि थोड्या झाडांचे पाणी. त्यावर पाच एकर बाग उभी करू नये. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या आणि जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, हे आपण विसरलेलो नाही.

दिवाळीला मोजलेले पाणी मे महिन्यात राहत नाही, हेही लक्षात असू द्या. बोअरची खरी परीक्षा उन्हाळ्यात. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजते. आपणही आपल्या बोअरची पातळी दोरीने मोजून वहीत लिहीत जा.

"अजून जाऊ का?" – उत्तर काय द्यावे?

गाडी हवे तेवढे खोल जाऊ शकते, पाणी तसे जात नाही. जसजसे खोल जावे तसतसा वरच्या दगडाचा भार वाढतो, भेगा आवळत जातात, कमी होतात. खूप खोलीवर कधीमधी पाणी लागते, नाही असे नाही. पण ते जुने साठलेले असते आणि त्यात पावसाची भर सावकाश पडते. पहिल्या वर्षी उत्साह, तिसऱ्या वर्षी सुकलेली मोटार, असा अनुभव अनेकांचा आहे.

खाली काय आहे हे शास्त्रज्ञांनी भोक पाडून पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यात किल्लारी येथे ६१७ मीटर खोल भोक घेतले. तिथे काळ्या पाषाणाचे थर ३३८ मीटरपर्यंत होते. त्याखाली थोडासा गाळाचा थर आणि मग पुरातन कठीण खडक. कोयना भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी तर तीन किलोमीटर खोल भोक घेतले, ते २०१७ साली पुरे झाले. तिथे काळा पाषाण सव्वा किलोमीटरच्या आसपास जाड निघाला, आणि त्याखालीही कठीण खडकच. कुठेही वाहती पाताळगंगा सापडली नाही.

तेव्हा उत्तर रात्री दोन वाजता शोधू नका. ते आदल्या दिवशी, उजेडात, घरच्या माणसांना विचारून ठरवा आणि कागदावर लिहा. आपल्या शिवारातल्या दहा बोअरवाल्यांना विचारा: पाणी किती फुटांवर लागले, आज किती आहे? बहुतेकांना ज्या खोलीपर्यंत पाणी लागले तीच आपली हद्द. तिथपर्यंत पाणी लागले नाही, भुकटी करडी आणि कोरडीच आहे, रॉडला लागणारा वेळही सारखाच आहे, तर "बस करा" म्हणा. हद्दीजवळ गंजकट खडे येत असतील, ओल असेल, तर एखादा रॉड वाढवायला हरकत नाही. मनाने वाढवू नका, भुकटी पाहून वाढवा.

जागा निवडताना काही जण पाणाड्याला विचारतात. ज्याची त्याची श्रद्धा. पण नाल्याजवळची, खोलगट, मुरूम जाड असलेली जागा आणि भूजल यंत्रणेच्या जाणकारांचा सल्ला यांना सोडू नका. विद्युत तपासणीचे यंत्र कच्चा थर कुठवर असावा हे सांगू शकते. पाण्याची हमी तेही देत नाही.

जुनी विहीर असेल तर आधी तिचा विचार करा. तिचा गाळ काढणे, तिच्यात पाण्याच्या थरात आडवे बोअर घेणे, पावसाळ्यात शेतातले पाणी गाळून तिच्यात सोडणे, हे कित्येकदा नव्या खोल बोअरपेक्षा स्वस्त आणि टिकाऊ पडते.

कायदा आणि काळजी

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ या कायद्यात ६० मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फूट, किंवा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर मानून तिच्यावर बंधने घातली आहेत. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत विहीर किंवा बोअर घेण्यासही परवानगी लागते. म्हणून गाडी बोलावण्यापूर्वी ग्रामपंचायतीत आणि भूजल सर्वेक्षण कार्यालयात विचारा.

मनोरा उभा करण्यापूर्वी वर पाहा. विजेची तार जवळ असेल तर जागा बदला. हवेचे नळ आणि फिरते रॉड यांच्याजवळ मुलाबाळांना फिरकू देऊ नका. नाकाला फडके बांधा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. फेल गेलेला बोअर उघडा टाकू नका. उघड्या बोअरमध्ये लेकरे पडून दगावल्याच्या घटना देशात वारंवार घडल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली याबाबत नियम घालून दिले आहेत. चालू बोअरला झाकण बसवून भोवती सिमेंटचा ओटा करा. सोडून दिलेला बोअर तळापासून वरपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरून टाका. केसिंग उपसून नेल्यावर राहिलेले भोक तर त्याच दिवशी बुजवा. गेलेला पैसा पुन्हा मिळेल, गेलेले लेकरू मिळणार नाही.

ध्यानात ठेवा

१. खोलीची हद्द आदल्या दिवशी कागदावर लिहा.
२. दर फुटाचा भाव, केसिंगचा भाव, जाण्या-येण्याचा खर्च आधी लेखी ठरवा. गाडीवरची माणसे पुष्कळदा तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडे भागातून येतात, मराठी समजेलच असे नाही. म्हणून आकडे लिहून दाखवा.
३. एका रॉडची लांबी स्वतः टेपने मोजा. वीस फुटी, पंधरा फुटी, दहा फुटी असे रॉड असतात. दर रॉडला एक खडा बाजूला ठेवा. खडे गुणिले लांबी म्हणजे खोली.
४. केसिंगचे पाइपही तसेच मोजा.
५. ओळंबा धरा, बिट मोजा.
६. दर दहा फुटांची भुकटी ओळीने ठेवा.
७. पाणी तासभर फेकून मगच मोजा.
८. मोजलेल्या पाण्यावर पीक ठरवा, पिकावर पाणी ठरवू नका.
९. बोअरभोवती पावसाचे पाणी मुरवण्याची सोय त्याच वर्षी करा.
१०. कोरडा बोअर त्याच दिवशी बुजवा.

मंडळी, पुढच्या वेळी शिवारात धडधड सुरू झाली आणि ऑपरेटरने विचारले, "मालक, अजून जाऊ का?", तर आभाळाकडे पाहू नका. ताडपत्रीवरच्या भुकटीच्या ओळीकडे पाहा, खिशातला कागद काढा, आणि काय ते शांतपणे सांगा.

आपल्या बोअरचा अनुभव, किती फुटांवर कोणता दगड लागला आणि पाणी किती टिकले, हे आम्हाला पत्राने जरूर कळवा. आपल्या पत्राने दुसऱ्या एखाद्या भावाचे शंभर फूट वाचतील.